साधा ग्राफिकल फाईल ब्राउझर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिनक्स किंवा युनिक्सच्या वर्कस्टेशनवर रोज काम करणाऱ्यांना फायली हाताळताना पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात. काहींसाठी डिस्कवर आत काय घडतं ते थोडं उलगडावं लागलं, कारण ते एकदा नीट कळलं की पुढचे पाच प्रश्न पडतच नाहीत.

फाईल ब्राउझर म्हणजे नक्की काय? वेब ब्राउझरशी त्याचा काही संबंध आहे का?

संबंध नाही. डिस्कवरची फोल्डरं आणि फायली खिडकीत दाखवणारा, त्या उघडू, हलवू, कॉपी करू, नाव बदलू आणि काढून टाकू देणारा प्रोग्रॅम म्हणजे फाईल ब्राउझर. त्यालाच फाईल मॅनेजरही म्हणतात. फायली त्याच्या 'आत' नसतात, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. ब्राउझर काढून टाकला किंवा दुसरा बसवला तरी एकाही फाईलला धक्का लागत नाही. एकाच फोल्डरवर एकाच वेळी दोन वेगळे ब्राउझर उघडे ठेवले, तरी दोघांनाही तेच दिसतं.

'साधा' कुणाला म्हणायचं?

जो डिस्कवर जे आहे ते, जसं आहे तसं दाखवतो त्याला. स्वतःची वेगळी यादी ठेवणारे, फोटोंचे 'अल्बम' करणारे, फायली मूळ जागेवरून उचलून आपल्या संग्रहात नेऊन ठेवणारे प्रोग्रॅम वेगळे. त्यांचाही उपयोग असतो, पण ते बंद पडले की आपली फाईल कुठे आहे हे शोधत बसावं लागतं. साधा ब्राउझर झटकन उघडतो, थोडी मेमरी घेतो आणि एखादं फोल्डर कुठे आहे याचा पूर्ण पत्ता वरच्या पट्टीत दाखवतो. ही पत्त्याची पट्टी मला सगळ्यात मोलाची वाटते. जो ब्राउझर ती लपवून फक्त सुबक चित्रं दाखवतो, त्यात ती पट्टी आधी चालू करून घ्या.

कुठला निवडावा?

थुनार किंवा पीसीमॅन-एफएम यांपैकी एक घ्या. थुनार हा एक्सएफसीई या डेस्कटॉपचा, म्हणजे खिडक्या, मेनू, पट्ट्या दाखवणाऱ्या संचाचा, ब्राउझर. 2007 साली एक्सएफसीई 4.4 बरोबर तो आला आणि आधीच्या एक्सएफएफएमची जागा त्याने घेतली. पीसीमॅन-एफएम एलएक्सडीई या डेस्कटॉपचा, आणि क्यूटी हा खिडक्या बनवायचा संच वापरून केलेली त्याची आवृत्ती एलएक्सक्यूटी या डेस्कटॉपमध्ये येते. दोन्ही हलके आहेत आणि दुसऱ्या डेस्कटॉपवरही बिनतक्रार चालतात. रॉक्स-फायलर त्याहून हलका, पण त्याची बैठक रिस्क ओएस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमची आहे आणि सवय व्हायला वेळ लागतो. नॉटिलस आणि डॉल्फिन हे ब्राउझर ग्नोम आणि केडीई या मोठ्या डेस्कटॉपांबरोबर येतात. ते वाईट नाहीत. डॉल्फिनमध्ये तर सोयी भरपूर आहेत. पण मशीन जुनं असेल, किंवा ब्राउझरने आपल्या मध्ये मध्ये येऊ नये असं वाटत असेल, तर पहिले दोन बरे.

चित्रांवर क्लिक करून फायली हाताळायची ही पद्धत आली कुठून?

कागद, फोल्डर यांची चित्रं पडद्यावर ठेवायची कल्पना 1981 च्या झेरॉक्स स्टारने बाजारात आणली. ते ऑफिसांसाठी केलेलं वर्कस्टेशनच होतं. 1983 मध्ये अ‍ॅपलचा लिसा आणि 1984 मध्ये मॅकिन्टॉशचा फाइंडर आला, तेव्हा ती कल्पना सामान्य वापरणाऱ्यांपर्यंत पोचली. युनिक्स वर्कस्टेशनच्या जगात नेक्स्ट या कंपनीने स्तंभांची मांडणी आणली: डावीकडच्या स्तंभात फोल्डर निवडलं की त्याच्या पोटातलं उजवीकडच्या स्तंभात. 1993 मध्ये एचपी, आयबीएम, सन अशा कंपन्यांनी मिळून सीडीई हा एकच डेस्कटॉप ठरवला आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या वर्कस्टेशनवर सारखाच फाईल मॅनेजर दिसू लागला.

सिलिकॉन ग्राफिक्सने तर फायलींचं त्रिमित शहर करून पाहिलं. फोल्डर म्हणजे चौथरे, फायली म्हणजे त्यावरचे ठोकळे, आणि फाईल जितकी मोठी तितका ठोकळा उंच. 1993 च्या डायनोसॉरच्या गाजलेल्या चित्रपटात दिसतो तो हाच. कुठल्या फोल्डरने जागा खाल्ली आहे हे त्यात एका नजरेत कळायचं. पण रोजच्या कामात नाव वाचून फाईल शोधायची असते आणि त्यासाठी नावांची सरळ यादीच हवी. म्हणून ती यादी टिकली.

प्रत्येक फोल्डर नव्या खिडकीत उघडावं की त्याच खिडकीत?

त्याच खिडकीत, आणि लागेल तसे टॅब. ग्नोमने 2004 मध्ये 2.6 आवृत्तीपासून प्रत्येक फोल्डर आपापल्या खिडकीत उघडायची पद्धत सुरू केली होती. त्यामागे विचार होता: फोल्डरची जागा पडद्यावर ठरलेली असली की डोळ्यांना ती आठवते. फोल्डरं थोडी आणि उथळ असतील तर ते खरंही आहे. पण सहा पातळ्या खोल जाईपर्यंत पडद्यावर सहा खिडक्या उघड्या राहतात. 2010 मध्ये 2.30 आवृत्तीत ग्नोमने ती पद्धत सोडली.

टर्मिनल (आज्ञा टाईप करून काम करायची खिडकी) येत असेल तर याची गरज काय?

दोन्ही लागतात. नावाच्या नियमाने फायली निवडायच्या असतील, म्हणजे 'अमुकने सुरू होणाऱ्या सगळ्या', तर टर्मिनल वेगवान. पाहून निवडायच्या असतील, म्हणजे 'हे चार फोटो नकोत, बाकीचे हवेत', तर टर्मिनलचा काही उपयोग नाही. थुनारमध्ये फोल्डरवर उजवं क्लिक करून तिथेच टर्मिनल उघडता येतं. ती सोय वापरा, म्हणजे दोन्हींत निवड करायची वेळच येत नाही.

मोठी फाईल हलवली की कधी क्षणात हलते आणि कधी अर्धा तास लागतो. असं का?

कारण ही दोन वेगळी कामं आहेत, पडद्यावर ती सारखी दिसतात एवढंच.

फाईलचं नाव आणि फाईलमधला मजकूर डिस्कवर वेगवेगळ्या जागी असतात. फोल्डर म्हणजे नावांची नोंदवही: या नावाची फाईल अमुक क्रमांकाच्या नोंदीवर. नावं आणि मजकूर सांभाळणाऱ्या या व्यवस्थेला फाईलसिस्टिम म्हणतात. एकाच फाईलसिस्टिममध्ये तुम्ही फाईल या फोल्डरातून त्या फोल्डरात हलवता, तेव्हा मजकुराला कुणी हात लावत नाही. एका नोंदवहीतलं नाव खोडलं जातं, दुसरीत लिहिलं जातं. म्हणून 2 केबीची चिठ्ठी आणि 80 जीबीचा व्हिडिओ, दोन्हींना लागणारा वेळ सारखाच. हजारो फायलींचं अख्खं फोल्डर हलवलं तरी बदलते ती एकच नोंद.

पण पेनड्राइव्हवर, दुसऱ्या डिस्कवर, किंवा त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर (वेगळ्या पाडलेल्या भागावर) हलवताना नोंदवहीच वेगळी असते. मग ब्राउझरला सगळा मजकूर तिकडे लिहावा लागतो आणि तो झाला की इकडचं काढून टाकावं लागतं. 'हलवा' असं तुम्ही म्हणालात, झालं मात्र 'कॉपी करा आणि मूळ पुसा'. हे मध्येच तुटलं, वायर निघाली किंवा वीज गेली, तर काही फायली इकडे आणि काही तिकडे अशी विस्कळीत अवस्था होते. म्हणून दुसऱ्या डिस्कवर काही न्यायचं असेल तर हलवू नका. आधी कॉपी करा, तिकडे उघडून बघा, मग इकडचं काढा.

माऊसने ओढल्यावर कधी कॉपी होते, कधी हलते. नियम काय आहे?

नियम वरच्या उत्तरातलाच. त्याच फाईलसिस्टिमवर ओढलं तर हलतं, दुसऱ्या डिस्कवर किंवा पार्टिशनवर ओढलं तर कॉपी होते. ओढताना कंट्रोल दाबून धरलं तर हमखास कॉपी, शिफ्ट दाबून धरलं तर हमखास हलवणं. बाणाशेजारी अधिकचं चिन्ह दिसलं तर कॉपी होणार असं समजा. ज्यांच्या हातून फायली ओढता ओढता भलत्याच फोल्डरात पडतात, त्यांना माझं सांगणं आहे की ओढणं सोडून द्या. कंट्रोल-एक्स, मग योग्य फोल्डरात जाऊन कंट्रोल-व्ही. यात 'कुठे' हे तुम्ही डोळ्यांनी पाहून ठरवता.

पेनड्राइव्हवर कॉपी झाल्याचं दिसतं, पण काढायला गेलं तर 'थांबा' म्हणतं. आता कशासाठी थांबायचं?

कॉपीची पट्टी शेवटाला पोचली म्हणजे सगळं पेनड्राइव्हवर लिहून झालं, असं नसतं. लिनक्स आधी तो मजकूर मेमरीत घेतं, ब्राउझरला 'झालं' सांगतं आणि मग सवडीने पेनड्राइव्हवर उतरवतं. मेमरी भरपूर आणि पेनड्राइव्ह धिमा असेल तर ही मागे राहिलेली कामं बरीच साठतात. पट्टी सुरुवातीला भराभर धावते आणि मग एकाच जागी अडून बसते, त्याचंही कारण हेच.

डाव्या बाजूच्या यादीत पेनड्राइव्हच्या नावापुढे बाहेर काढण्याचं चिन्ह असतं. त्यावर क्लिक केलं की उरलेलं सगळं लिहून घेतलं जातं आणि मगच तो सुटा होतो. 'आता काढू शकता' असं येईपर्यंत हात लावू नका. घाईने उपसलेल्या पेनड्राइव्हवर फाईलचं नाव दिसतं, आकारही बरोबर दिसतो आणि उघडली की निम्मीच निघते. हे नुकसान त्या वेळी कळतच नाही, म्हणून मी यावर इतकं अडून बसतो.

'वापरात आहे, काढता येत नाही' असं आलं तर त्या पेनड्राइव्हवरची एखादी फाईल कुठेतरी उघडी असते, किंवा एखादं टर्मिनल त्याच्या फोल्डरात उभं असतं. ते बंद करा.

पेनड्राइव्हवर जागा आहे, तरी मोठी फाईल जात नाही.

तो फॅट32 पद्धतीने फॉरमॅट केलेला असणार. त्यात एक फाईल 4 जीबीपेक्षा एका बाइटने कमी, एवढीच मोठी असू शकते, मग पेनड्राइव्ह 64 जीबीचा का असेना. त्यावरचा मजकूर बाजूला काढून तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. 2020 च्या 5.7 आवृत्तीपासून लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्याच्या प्रोग्रॅममध्ये, एक्सफॅटची चांगली सोय आहे, आणि विंडोज व मॅकवरही तो चालतो.

याच्या जोडीने येणारी दुसरी अडचण नावांची. '10:30 ची बैठक' हे नाव लिनक्सच्या डिस्कवर चालतं, पण फॅट आणि एक्सफॅटला अपूर्णविराम चालत नाही. प्रश्नचिन्ह आणि दुहेरी अवतरणचिन्हही चालत नाही. ब्राउझर तेव्हा नुसतं 'नाव चुकीचं आहे' असं काहीतरी सांगतो आणि माणूस गोंधळतो.

फायली डिलीट केल्या, पण जागा रिकामी झाली नाही.

तीन कारणं असू शकतात. बहुतेक वेळा पहिलंच असतं.

डिलीट बटणाने फाईल पुसली जात नाही, ट्रॅशमध्ये जाते. तुमच्या होम फोल्डरात डॉट-लोकल, त्यात शेअर, त्यात ट्रॅश असं एक फोल्डर असतं. त्यात पुन्हा दोन कप्पे: एकात फायली, दुसऱ्यात प्रत्येक फाईल मुळात कुठे होती आणि कधी टाकली याची छोटी चिठ्ठी. 'परत ठेवा' म्हटल्यावर फाईल बरोबर जागी जाते ती या चिठ्ठीमुळे. ट्रॅश रिकामा केल्याशिवाय जागा मिळत नाही.

दुसरं कारण पेनड्राइव्हचं. त्यावरची फाईल डिलीट केली तर ती होममधल्या ट्रॅशमध्ये न येता पेनड्राइव्हवरच्याच एका लपलेल्या ट्रॅश फोल्डरात जाते. त्या फोल्डराच्या नावाशेवटी तुमचा वापरकर्ता क्रमांक असतो, बहुतेक ठिकाणी 1000. पेनड्राइव्ह लावलेला असताना ट्रॅश रिकामा केला तरच तिथली जागा सुटते. दुसऱ्याच्या मशीनवर हेच फोल्डर उघडं दिसलं की लोकांना व्हायरसची शंका येते. तो व्हायरस नव्हे, तुमच्याच टाकलेल्या फायली आहेत.

तिसरं कारण दुर्मीळ, पण सर्व्हरसारख्या मशीनवर हमखास गाठतं. एखादी फाईल कुठल्यातरी प्रोग्रॅमने उघडून धरलेली असताना पुसली, तर तिचं नाव जातं पण मजकूर जात नाही. प्रोग्रॅम बंद होईपर्यंत ती जागा अडकून राहते.

शिफ्ट-डिलीटने गेलेली फाईल परत येते का?

ब्राउझरमधून नाही. शिफ्ट-डिलीटला ट्रॅश नाही आणि कंट्रोल-झेडही तिथे चालत नाही. फाईल महत्त्वाची असेल तर त्या डिस्कवर पुढे काहीही लिहू नका, मशीन बंद करा आणि जाणकाराला गाठा. बॅकअप असेल तर यातलं काहीच करावं लागत नाही.

फाईल 'फक्त वाचण्यासाठी' केली होती, तरी ती डिलीट झाली. हा दोष आहे का?

नाही, युनिक्सचा हा मूळ नियमच आहे. नोंदवहीचं उदाहरण इथे पुन्हा कामाला येतं. फाईल काढून टाकणं म्हणजे फोल्डरच्या वहीतली एक नोंद खोडणं. ती खोडायला फोल्डरवर लिहिण्याची परवानगी लागते, फाईलवर नाही. फाईलवरची लिहिण्याची परवानगी फक्त तिचा मजकूर बदलता येईल की नाही एवढंच ठरवते. म्हणून दुसऱ्याच्या मालकीची फाईलही तुमच्या फोल्डरात असेल तर तुम्हाला काढता येते. एखादी गोष्ट जपायची असेल तर तिच्या फोल्डरावरचीच लिहिण्याची परवानगी काढा.

लिंक डिलीट केली तर मूळ फाईल जाते का?

जात नाही. ज्या चित्रावर छोटा बाण दिसतो ती सिम्बॉलिक लिंक, म्हणजे नुसता पत्ता. तो पुसला तरी घर उभं राहतं. उलट मूळ फाईल हलवली तर लिंक तुटते. मात्र फोल्डरच्या लिंकमध्ये आत शिरून तिथल्या फायली निवडून काढल्या, तर त्या खऱ्याच जातात, कारण तेव्हा तुम्ही मूळ फोल्डरात उभे असता.

लपलेल्या फायली कशा बघायच्या?

कंट्रोल-एच. नावाच्या सुरुवातीला टिंब असलं की फाईल लपते, बाकी तिच्यात गुप्त असं काही नसतं. होम फोल्डरात या बहुतेक सेटिंगच्या फायली असतात. जागा भरली म्हणून त्या काढायला जाऊ नका. डॉट-कॅश फोल्डरातलं तेवढं निर्धास्त काढता येतं.

मराठीत नावं दिली तर चालतं का?

चालतं, आणि द्यावीत. आजच्या लिनक्समध्ये नावं यूटीएफ-8 या, सगळ्या लिप्या सामावणाऱ्या पद्धतीने साठतात. दोन गोष्टी तेवढ्या माहीत हव्यात.

पहिली लांबीची. ईएक्सटी4, एक्सएफएस, बीटीआरएफएस या लिनक्सच्या सगळ्या फाईलसिस्टिमांत नाव जास्तीत जास्त 255 बाइटचं. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. आणि चिन्ह म्हणजे आपण मोजतो ते अक्षर नव्हे. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, सगळे वेगळे मोजले जातात. 'महाराष्ट्र' हे डोळ्यांना चार अक्षरांचं, पण आत दहा चिन्हांचं, म्हणजे 30 बाइटचं. म्हणून मराठी नावाला मिळतात फक्त 85 चिन्हं. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये मर्यादा वेगळ्या मापाने, 255 चिन्हांची असते. तिकडे सुखाने नांदणारी लांबलचक नावाची फाईल इकडे कॉपी होताना 'नाव फार मोठं' म्हणून अडते. सरकारी परिपत्रकांचे पूर्ण विषय फाईलच्या नावात लिहिणाऱ्यांना हा अनुभव वारंवार येतो.

दुसरी गोष्ट पुढच्या प्रश्नात.

एकाच फोल्डरात अगदी सारख्या नावाच्या दोन फायली दिसतात. हे शक्य आहे का?

दिसायला सारख्या, आतून वेगळ्या. 'दुसऱ्या' हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र एका कळफलकावर खाली नुक्ता असलेल्या ऱ ला हलन्त जोडून उमटतो. दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडणीचं चिन्ह अशा मार्गाने. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. लिनक्सची फाईलसिस्टिम सहसा अक्षरं बघत नाही, बाइट बघते. बाइट वेगळे म्हणून फायली वेगळ्या. शोधतानाही हाच त्रास होतो: फाईल समोर दिसते आणि शोध 'सापडली नाही' म्हणतो.

मॅकच्या जुन्या फाईलसिस्टिमवरून आलेल्या नावांत आणखी एक तऱ्हा असते. तिकडे ऱ हे एक चिन्ह न राहता र आणि नुक्ता असं दोन चिन्हांत सुटून साठतं. म्हणून एकाच कामावर तीन मशीनवर तीन माणसं असतील, तर 'तिसऱ्या तिमाहीचा अहवाल' तीन वेगवेगळ्या रूपांत जमा होऊ शकतो. उपाय साधा आहे: एकाने नाव टाईप करायचं, बाकीच्यांनी तेच नाव कॉपी करून वापरायचं. नाव पुन्हा टाईप करू नये.

'फोटो 10' हे 'फोटो 2' च्या आधी का येतं?

नुसत्या अक्षरांच्या क्रमाने लावलं तर 1 हा 2 च्या आधी, म्हणून. आजचे बहुतेक ब्राउझर आकड्यांचा समूह ओळखून क्रम लावतात, पण सगळीकडे तसं होईल याचा भरवसा नाही, आणि देवनागरी आकड्यांच्या बाबतीत तर नाहीच. शून्य लावून '02', '10' असं लिहा. तारीख नावात घालायची तर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: 2024-03-09. मग नावाचा क्रम आणि काळाचा क्रम कुठल्याही प्रोग्रॅममध्ये एकच राहतो.

फाईल भलत्याच प्रोग्रॅममध्ये उघडते.

ब्राउझर आधी नावाच्या शेवटचा तुकडा बघतो. तो नसेल किंवा संशयास्पद असेल तर फाईलचे पहिले काही बाइट वाचतो. पीडीएफ, पीएनजी अशा प्रकारांची सुरुवात ठरलेली असते, त्यावरून प्रकार ओळखता येतो. टीएस या शेपटीच्या फायली मात्र नेहमी गोंधळ घालतात, कारण टाइपस्क्रिप्टचा कोड आणि एक प्रकारचा व्हिडिओ, दोन्हींची शेपटी तीच. उजवं क्लिक, 'गुणधर्म', तिथे 'कशात उघडायची' हे बदला. ही निवड त्या एका फाईलची नसते, त्या प्रकारच्या सगळ्या फायलींची असते.

इंटरनेटवरून उतरवलेल्या फाईलवर सरळ डबल क्लिक करावं का?

कागदपत्र, चित्र, गाणं असेल तर ते ठरलेल्या प्रोग्रॅममध्ये उघडेल. डेस्कटॉप लाँचर, म्हणजे क्लिक केल्यावर एखादी आज्ञा चालवणारी फाईल, तिच्यापासून जपा. ती आपल्या मर्जीचं नाव आणि आपल्या मर्जीचं चित्र दाखवू शकते, म्हणजे पीडीएफचं सोंग घेऊन भलतीच आज्ञा चालवू शकते. 'ही फाईल चालवायची का' असं ब्राउझर विचारू लागला आणि तुम्हाला तर नुसतं कागदपत्र वाचायचं होतं, तर रद्द करा.

हजारो फोटोंचं फोल्डर उघडताना मशीन दमतं.

थंबनेल, म्हणजे फोटोंची छोटी चित्रं, बनवण्यात वेळ जातो. प्रत्येक फोटो पूर्ण उघडून, लहान करून, डॉट-कॅशमधल्या थंबनेल फोल्डरात साठवला जातो, साध्या आकारात 128 पिक्सेल आणि मोठ्यात 256. दुसऱ्यांदा तेच फोल्डर लवकर उघडतं ते यामुळे. थंबनेलचं नाव फोटोच्या पूर्ण पत्त्यावरून ठरतं, म्हणून फोटो दुसरीकडे हलवले की पुन्हा नव्याने बनवावी लागतात आणि जुनी तशीच पडून राहतात. ते फोल्डर अधूनमधून रिकामं केलं तर काही बिघडत नाही.

यात खासगीपणाचीही एक बाब आहे. कुलूपबंद पेनड्राइव्हवरचे फोटो तुम्ही पाहिलेत आणि पेनड्राइव्ह काढून घेतलात, तरी त्यांच्या छोट्या प्रती होम फोल्डरात राहू शकतात. मशीन दुसरे कुणी वापरत असतील तर हे विसरू नका. सेटिंगमध्ये थंबनेल बंद करता येतात, नेटवर्कवरच्या फोल्डरांपुरती तर बंदच ठेवावीत.

नवी फाईल आली, पण खिडकीत दिसत नाही.

मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर असं सहसा होत नाही. 2005 पासून लिनक्सच्या कर्नेलमध्ये आयनोटिफाय आहे. फोल्डरात काही बदललं की कर्नेल स्वतःच ब्राउझरला कळवतो. पण नेटवर्कवरच्या फोल्डरात दुसऱ्या मशीनने केलेला बदल तुमच्या कर्नेलला कळतच नाही. तिथे एफ5 दाबावं लागतं.

एकाच फाईलचे दोन आकार का दिसतात?

एक मजकुराचा, दुसरा त्याने डिस्कवर अडवलेल्या जागेचा. डिस्कची जागा ठोकळ्यांत वाटली जाते, सहसा 4096 बाइटच्या. एका ओळीची चिठ्ठीही अख्खा ठोकळा घेते. शिवाय कुणी 1000 ने भागतं, कुणी 1024 ने. 500 जीबीची डिस्क म्हणूनच कुठे 465 दिसते. काही हरवलेलं नसतं.

सिस्टिमची फाईल बदलायची आहे. ब्राउझर रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालवू का?

नको. रूटला कुणी अडवत नाही. माऊस जरा घसरला आणि एखादं सिस्टिम फोल्डर शेजारच्यात पडलं, तर पुढच्या वेळी मशीन सुरूच होणार नाही. शिवाय त्या खिडकीतून होममध्ये तयार झालेल्या फायली रूटच्या मालकीच्या होतात आणि मग तुमच्याच फायली तुम्हाला बदलता येत नाहीत. टर्मिनलमधून तेवढी एक फाईल बदला आणि बाहेर पडा.

कीबोर्डची कुठली बटणं आधी शिकावीत?

कंट्रोल-एल सगळ्यात आधी: पत्त्याच्या पट्टीत जाता येतं, पत्ता टाईप किंवा पेस्ट करता येतो. ऑल्ट आणि वरचा बाण एक पातळी वर नेतो. एफ2 नाव बदलतं. यादीत असताना नावाची पहिली अक्षरं टाईप केली की निवड तिथे उडी मारते. एवढ्यावर माऊसचं निम्मं काम संपतं.

शंभर फायलींची नावं एकदम बदलता येतात का?

थुनारमध्ये येतात. सगळ्या निवडा आणि एफ2 दाबा. एक वेगळी खिडकी उघडते, तिच्यात डावीकडे आत्ताची नावं आणि उजवीकडे होणारी. क्रमांक घालणं, तारीख घालणं, एक शब्द शोधून दुसरा लिहिणं, असे पर्याय खाली असतात. उजवीकडचा स्तंभ वरपासून खालपर्यंत वाचल्याशिवाय बदल पक्का करू नका.

उजव्या क्लिकच्या मेनूत स्वतःची कामं घालता येतात का?

हो, आणि थुनार निवडायचं माझ्या दृष्टीने हेच मोठं कारण आहे. 'संपादन' मेनूत स्वतःच्या कृती ठरवायचा पर्याय आहे. कृतीला नाव द्या, टर्मिनलमध्ये जी आज्ञा दिली असती ती लिहा, आणि फाईलच्या नावाच्या जागी टक्क्याचं चिन्ह व त्यापुढे एफ हे अक्षर ठेवा. लहान एफ म्हणजे एक फाईल, मोठा एफ म्हणजे निवडलेल्या सगळ्या. शेवटी ही कृती कुठल्या प्रकारच्या फायलींवर दिसावी ते निवडा.

उदाहरणार्थ, फोटो लहान करायची इमेजमॅजिक या चित्रं हाताळणाऱ्या प्रोग्रॅमची आज्ञा. ती एकदा घातली की कुठल्याही फोटोवर उजवं क्लिक केल्यावर 'लहान करा' असा पर्याय दिसतो, आणि मजकुराच्या फाईलवर तो येत नाही. आज्ञा अशी लिहा की लहान केलेली प्रत वेगळ्या नावाने तयार होईल आणि मूळ फोटो तसाच राहील. आधी दोन-तीन नको असलेल्या फोटोंवर चालवून बघा, नावात मोकळी जागा असलेला एक फोटोही त्यांत घ्या, कारण अशा आज्ञा बिघडतात त्या बहुधा तिथेच.